हातगुण

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही. चार पेले पोटात गेले की माणसं नको नको ते ओकून टाकतात, पण तसल्या बैठकीतही मी हे गिळूनच उठलो. एकदोनदा अगदी ओठांवर आलं होतं. मग मी चाकणच्या ट्रॅफिकवर बोललो. त्या विषयावर कितीही बोलता येतं.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांमध्ये माझं नाव चांगलं आहे हो — तीच तर सगळी अडचण आहे.

आधी माझ्याविषयी सांगतो. तेवढाच थोडा वेळ मिळतो.

चाकणपासून थोडं आत आमचं गाव. गाव आपलं म्हणायचं — तीन बाजूंना कंपन्यांची कंपाउंडं, चौथ्या बाजूला गोदामं. मी एका कंपनीत ड्रेसर होतो, म्हणजे दवाखान्याच्या खोलीत बसणारा. कुणाचं बोट मशीनमध्ये आलं, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण उडाला, कुणाचं ओव्हरटाइम नको म्हणून पोट दुखायला लागलं, की आला माझ्याकडे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, सह्या करायचे, चहा प्यायचे आणि जायचे. बाकी पट्टी, टाके काढणं, इंजेक्शन, सगळं माझ्याकडे. माझं इंजेक्शन दुखत नाही असं अख्खी शिफ्ट म्हणायची. म्हणजे मी काय शिकलो होतो? सुई कुठं टोचायची ते. सुईत काय भरायचं, किती भरायचं आणि मुख्य म्हणजे कधी भरायचं नाही — ते डॉक्टरांचं काम. पण हे मला कधी टोचलं नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो म्हणतात ना, तसा.

लोकांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, पण गाई राहिल्या. प्रत्येक दारात एक, कुठं दोन. एकदा कुणीतरी म्हणालं, माणसाला टोचतोस तर गाईला का नाही? गाय निदान शिव्या तरी देत नाही. मी टोचलं. गाय बरी झाली. झालं — त्या दिवसापासून मी आमच्या आळीचा ‘डाक्टर’.

आणि मग तो शब्द आला. हातगुण. अमक्याच्या हाताला गुण आहे असं आमच्याकडे म्हणतात, आणि ते नुसतं कौतुक नसतं. लोक ते मानतात. तेच औषध दुसऱ्यानं दिलं तर लागू पडत नाही, ह्यानं दिलं की पडतं — असं खरंच मानतात. ज्याच्या हाताला गुण, त्यानं दारात यावं, गाईच्या पाठीवर नुसता हात ठेवावा, एवढ्यानंही घरच्यांना बरं वाटतं. तुम्ही म्हणाल, भाबडी समजूत. असेल. पण ती समजूत ज्याच्या वाट्याला येते, त्याला विचारा ती किती गोड लागते. कंपनीत मला सगळे ‘ए ड्रेसर’ म्हणायचे. गावात आल्यावर म्हाताऱ्या बायका खाटेवरून उठून मला बसायला जागा द्यायच्या.

आता दगडीचं सांगतो. दुभत्या गाईची कास सुजते, दगडासारखी घट्ट होते, म्हणून आम्ही त्या रोगाला दगडी म्हणतो. सडातून दुधाऐवजी पाणी येतं, कण्या येतात, कधी रक्त. जंतूंचं काम ते. त्यावरचं औषध किती दिवस द्यायचं, हे बाटलीच्या कागदावर लिहिलेलं असतं. मी काय करायचो? दोन दिवस द्यायचो. दोन दिवसांत सूज उतरते, दूध पांढरं दिसायला लागतं, घरचे खूश होतात. मग कशाला वाया घालवा? उरलेली बाटली आमच्या फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या पेंडीशेजारी. पुढच्या गाईला ती कामाला यायची. तिसऱ्या गाईला बाटली कमी पडली, तर निम्मं द्यायचो. निम्म्यानंही बरं वाटायचं — थोडे दिवस.

शेतातली हरळी तुम्ही कधी काढली आहे का? वरवर उपटली की रान कसं स्वच्छ दिसतं. मुळी आत राहते, आणि पुढच्या वेळी ती जास्त चिवट होऊन येते. मी शेतकऱ्याचा मुलगा, हरळी खणूनच काढावी लागते हे मला लहानपणापासून माहीत. तरी वर्षानुवर्षं मी आळीतल्या गाईंच्या कासेत तेच करत राहिलो — वरवर उपटत राहिलो.

पण हे सगळं अजून अडाणीपणात जमा होईल. मला जे सांगायचं आहे, ते अडाणीपणाचं नाही.

सोनाआत्या आमच्या घरापलीकडे राहायची. रक्ताच्या नात्याची नव्हे. माझ्या वडिलांना ती राखी बांधायची, म्हणून आत्या. शाळेत मी मार खाऊन आलो की हळद लावायला हीच, आणि वडिलांच्या हातून सुटका करायलाही हीच — ‘न्हाई वं, माझ्याकडंच व्हता तो, कुटं गेला न्हाई,’ असं बिनदिक्कत खोटं सांगायची माझ्यासाठी. नवरा लवकर गेला. मुलगा संजय शिकला, नोकरीला लागला, ताथवड्याला आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तो आईला सारखा चल म्हणायचा. वाईट मुलगा नाही तो, मनापासून म्हणायचा. आणि आत्याचं उत्तर ठरलेलं —

“येते की. पन हौशीला कोन बघंल?”

हौशी म्हणजे तिची गाय. काळीपांढरी, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावानं जरा नखरेल. आत्या सोडून कुणाला धार काढू द्यायची नाही. तुम्हाला वाटेल म्हातारी गाईसाठी अडून बसली होती. तसं नव्हतं. तिला जायचंच नव्हतं. तिला तिचं अंगण हवं होतं, पहाटेची आमच्या बायकांशी होणारी बोलाचाली हवी होती, कुणाला न विचारता स्वतःचा चहा टाकायचा होता. पण ‘मला तुझ्याकडे यायचं नाही’ असं कुठली आई मुलाला तोंडावर सांगते? हौशी होती म्हणून तिला ते कधी सांगावं लागलं नाही. मुलाचा मान राहत होता आणि आईचं घर राहत होतं. एवढं सगळं त्या एका गाईवर उभं होतं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. पुढचं ऐकताना हे लक्षात ठेवा.

आणखी एक लक्षात ठेवा. आत्यासारखी स्वच्छ धार काढणारी बाई आमच्या आळीत दुसरी नव्हती. आधी स्वतःचे हात साबणानं कोपरापर्यंत धुणार. मग कोमट पाण्यानं कास धुणार, वेगळ्या फडक्यानं पुसणार, ते फडकं रोज उकळणार. आमची ही तिला चिडवायची, आत्या, गाईची धार काढताय का गाईचं लग्न लावताय?

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, हौशीला दगडी झाली. एक सड सुजला. मी दोन दिवस इंजेक्शन दिलं, उतरली. तीन आठवड्यांनी परत आली. फ्रिजमध्ये दुसरी बाटली होती, निम्मी. ती दिली. उतरल्यासारखी वाटली. मग आठ-दहा दिवसांत तिसऱ्यांदा आली, आणि या वेळी दोन्ही मागचे सड. मी तीन दिवस टोचलं. काही फरक नाही.

आत्या माझ्याकडे आली ती दबकत. मला वाईट वाटू नये म्हणून किती वळसे घेतले तिनं. मग म्हणाली, “दत्तू, तुझ्या हाताला गुण हाय रं, पन ह्या खेपेला तिचं नशीबच आडवं आलंय. डाक्टरबाईला बोलवायचं का? तू म्हन्शील तसं.”

मला राग आला. होय, राग. काळजी नाही वाटली, लाज नाही वाटली — राग आला. पण बोलवा म्हणालो.

डॉक्टर मॅडम राजगुरुनगरहून आल्या. तरुण, मोटरसायकलवरून फिरणाऱ्या, पायात गमबूट. कास दाबून पाहिली, ताप पाहिला आणि विचारलं, आधी काही औषध दिलंय का?

मी म्हणालो, नाही.

त्यांनी परत विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून, अगदी शांतपणे. म्हणाल्या, दादा, दिलं असेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही. वारंवार अर्धवट औषध पडलं की जंतू निर्ढावतात, मग साध्या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून मी दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणार आहे — कुठलं औषध चालेल ते तिथं कळतं. पण अंगात औषध असताना घेतलेला नमुना फसवतो. म्हणून विचारते.

इतकं सोपं करून दिलं होतं त्या मुलीनं. दार उघडून धरलं होतं. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

पण शेजारच्या दोन बायका तिथं उभ्या होत्या. गोठ्याच्या दारात पाटलांचा अण्णा उभा होता. त्यांच्यासमोर मी — ज्याच्या हाताला गुण — म्हणणार होतो की मीच हिचं वाटोळं केलं? मी म्हणालो, “नाही मॅडम. आम्ही काहीच नाही दिलं.”

आत्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, “न्हाई वं बाई. काय सुदिक न्हाई दिलं.”

लहानपणी सांगायची तसंच.

मॅडमना पुढच्या गावात अडलेली गाय बघायला जायचं होतं, आणि संध्याकाळची धार होऊन गेली होती. त्यांनी तापाचं तेवढं औषध दिलं, एक निर्जंतुक बाटली माझ्या हातात ठेवली. सकाळी सड स्पिरिटनं पुसा, पहिल्या धारा सोडून द्या, मग बाटलीत घ्या आणि मला आणून द्या. तुम्ही ड्रेसर आहात ना दादा, तुम्हाला जास्त सांगायला नको. विश्वासानं दिली.

आता मुद्द्यावर येतो. आता टाळण्यासारखं काही उरलं नाही.

खाई त्याला खवखवे. माझ्या डोक्यात एकच — हौशीचं दूध तपासलं तर माझं औषध त्यात सापडणार. मॅडमना कळणार मी खोटं बोललो. तोंडावर बोलणार, आळीसमोर बोलणार. सकाळी मी बाटली घेऊन उठलो. आमच्या स्वतःच्या गाईच्या एका सडातून त्याच आठवड्यात कण्या यायला लागल्या होत्या. तिला मी अजून काही दिलेलं नव्हतं. मी आमच्या गाईचा सड स्पिरिटनं पुसला. पहिल्या धारा सोडल्या. बाटली भरली. सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे, स्वच्छ, ड्रेसरच्या हातानं. वर चिकटपट्टी लावून लिहिलं — सोनाबाई, हौशी.

आणि मोटरसायकल काढून राजगुरुनगरला नेऊन दिली. मॅडम म्हणाल्या, थँक्यू दादा, छान घेतलाय नमुना.

तुम्ही म्हणाल, त्या क्षणी काही वाटलं नाही का? खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. येताना मी वडापाव खाल्ला.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. एक अगदी साधं, नेहमीचं औषध उत्तम लागू पडेल असं त्यात होतं. मॅडमनी ते हौशीला सुरू केलं, पूर्ण मात्रेत, रोज स्वतः येऊन. आणि मी — हे सांगताना मला माझीच किळस येते — मी तेच औषध आणून आमच्या गाईला दिलं. या वेळी निम्मं नाही, दोन दिवस नाही. पाचही दिवस, कागदावर लिहिलं होतं तसं. कारण रिपोर्ट तिचाच होता ना. तिसऱ्या दिवशीच तिचं दूध स्वच्छ झालं.

पलीकडे हौशीची कास काळीनिळी पडत चालली होती. हात लावला तर गार लागायची. तिनं चारा सोडला. आत्या तिच्या तोंडापुढे हिरवा मका धरून बसायची आणि माझ्याकडे बघायची. दत्तू, तू जरा पाठीवरनं हात फिरीव गं बाय तिच्या, म्हणायची. ती लाडात आली किंवा घाबरली की मलाही ‘गं बाय’च म्हणायची. आणि मी फिरवायचो. तोच हात.

तेव्हाही वेळ होती. रिपोर्ट आमच्या गाईचा आहे, एवढं एक वाक्य. फोन खिशात होता. मॅडमचा नंबर त्यात होता. चार दिवस होता.

चौथ्या दिवशी मॅडमना कोडं पडलं. कपाळाला आठ्या घालून त्या म्हणाल्या, हे लागू पडायलाच हवं होतं, रिपोर्टमध्ये स्पष्ट आहे. त्यांनी या वेळी स्वतः नमुना घेतला. बाटलीचं झाकण लावता लावता, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, का मधल्या मधे दुसराच जंतू आत शिरला? धार काढताना हाताबिताला काही —

वाक्य त्यांनी पुरंही केलं नव्हतं. मी ते झेललं. जसं काही त्याचीच वाट बघत होतो.

मी आत्याकडे वळून म्हणालो, “आत्या, किती येळा सांगितलं तुला, हात नीट धूत जा. शेणात घातलेला हात तसाच सडाला लावतीस. आता बघ.”

एवढंच. सगळ्यांसमोर. आळीतल्या सगळ्यात स्वच्छ बाईला.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. दोन्ही पंजे उघडून, वर, खाली, पुन्हा वर. जणू काही ते हात तिला कुणीतरी सांभाळायला दिले होते आणि ती त्यांचा हिशेब देऊ शकत नव्हती. ती ‘न्हाई’ म्हणाली नाही. मी म्हणतोय म्हणजे असेलच, असं तिनं धरलं. माझ्या हाताला गुण होता ना.

हौशी दोन दिवसांनी सकाळी गेली. शेजारी गोदामाचं काम चाललं होतं, तिथला जेसीबी मी सांगून आणला. कंपनीच्या भिंतीला लागून आत्याची थोडी जागा उरली होती, तिथं खड्डा घेतला. जेसीबीवाला बिहारकडचा होता. त्यानं आपण होऊन मशीन बंद केलं, खाली उतरला आणि हात जोडले. आत्यानं हौशीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पण बोट टेकवायच्या आधी ती घरात गेली आणि हात धुऊन आली. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर, कारण आत्याचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. नव्या नमुन्याचा रिपोर्ट आला होता. जवळजवळ सगळ्या औषधांपुढे ‘दाद देत नाही’. आम्ही देत होतो त्याच्यापुढेही. एकच औषध चालणारं होतं. ते पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर गाय कदाचित वाचली असती, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, दादा, पहिला नमुना हौशीचाच होता ना?

मी म्हणालो, हो मॅडम. म्हणजे काय.

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग ठीक आहे म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला वाटतं त्यांना समजलं असावं. आमच्या आळीत येतात, काम करतात, पण माझ्याकडून पाण्याचा ग्लाससुद्धा घेत नाहीत.

संजय महिन्याभरात आईला न्यायला आला. मी अंगणात उभा होतो. त्यानं विचारलं, चलतेस ना आई? आणि ती सवयीनं बोलायला लागली, ‘येते की, पन —’ आणि तिथंच थांबली. एवढ्याशा बोचक्यात तिचं सगळं आलं. गाडीत बसायच्या आधी तिनं माझा उजवा हात धरला, डोळ्यांना लावला.

“तुझ्या हाताला गुण हाय रं दत्तू. त्यो जपून ठेव. माज्याच हातानं माती केली.”

गाडी गेली. मी तिचं दार लावून घेतलं.

त्यानंतर मी सुईला हात लावलेला नाही. कुणी आलं तर मॅडमना बोलवा म्हणतो. लोकांना वाटतं, दत्तूभाऊ किती मोठ्या मनाचा, शिकलेल्या माणसाला मान देतो. आता आळीत कुणाच्याही गाईला दगडी झाली तरी साधं औषध काम करत नाही. मॅडम नमुना घेतात, रिपोर्ट बघतात, भारी औषध आणतात, तरी एखादी गाय हातची जाते. लोक म्हणतात औषधंच भेसळीची यायला लागली. मी मान डोलावतो.

दर दोन-तीन महिन्यांनी मी ताथवड्याला जातो. कासारवाडीला नाशिक फाट्याचा पूल चढलो की मनात वाक्य जुळवायला लागतो. आत्या, तुझ्या हातांचं काही नव्हतं. बस, एवढ्या पाच शब्दांसाठी जातो. लिफ्टमध्ये शिरेपर्यंत ते वाक्य शाबूत असतं.

मागच्या रविवारी गेलो होतो. संजयला दुसरी मुलगी झाली आहे, आठ महिन्यांची, गुटगुटीत. ती सतरंजीवर पडून रडत होती आणि आत्या तिच्याजवळ बसलेली, पण दोन्ही हात वर धरून, अधांतरी. उचलत नव्हती. थांब गं बाय, थांब, धुऊन येते, म्हणत उठली आणि बेसिनकडे गेली. संजयची बायको स्वयंपाकघरातून हसत म्हणाली, “दत्तूभाऊ, सांगा ना आता तुम्हीच आईंना. दिवसातून वीसदा हात धुतात. साबण पुरत नाही बघा आमच्या घरात. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले वयानं होतं असं.”

आत्या आली. हात कोपरापर्यंत ओले. बोटांच्या पेरांवर कातडी फाटलेली, कुठंकुठं रक्त दिसत होतं. माझ्यासमोर बसली आणि ते दोन्ही पंजे उघडून माझ्यापुढे धरले — वर, खाली, पुन्हा वर. घरात कुणी नसल्यासारखं हळूच विचारलं,

“दत्तू, तूच बघ रं. तुला कळतं. आता हायत का साफ?”

वाक्य तयार होतं. पूल चढल्यापासून तयार होतं. पण मी नुसता तिच्या हातांकडे बघत राहिलो.

मी गप्प बसलो, त्याचा तिनं तिच्या परीनं अर्थ लावला. मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पुन्हा बेसिनकडे गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. पोरगी सतरंजीवर रडत होती. मी चहा पिऊन संपवला.